आवाज बंद करून बघायचे कुत्रे

भूभूकाकांना स्वतःच्या आवाजात सलग चार वाक्यं बोलता येत नसत. कार्टूनमधल्या कुत्र्याच्या आवाजात मात्र ते दीड-दीड तास बोलत. माणूस म्हणून त्यांचा शब्दसंग्रह 'होय', 'नाय', 'बघतंय' आणि 'चाय नको' एवढ्यावर संपायचा. कुत्रा म्हणून ते लग्नातली पातळ आमटी, सरकारी खड्डे, देवाचा न्याय अशा कुठल्याही विषयावर ठाम मत देत. दोहातल्या मराठी समाजात बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. मंडळाच्या प्रत्येक सभेत आभारप्रदर्शनाला पाऊण तास लागायचा. पण ज्याचं ऐकत बसावंसं वाटावं असा मला तिथे एकच माणूस भेटला, आणि तो भुंकत असे.

फुटबॉलच्या विश्वचषकाला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं. सगळं शहर खणून ठेवलेलं. सकाळी ज्या रस्त्याने भाजी आणायला जावं तो परत येताना सापडत नसे. उघड्या मैदानावर गार वारा सोडून जगाला थक्क करायची तयारी जोरात चालली होती आणि अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटचा एसी ऐन जूनमध्ये बंद पडला होता. घरमालकाचा माणूस रोज फोनवर 'इन्शाल्ला, टुमॉरो' म्हणायचा. देवाची इच्छा आठवडाभर होईना, तेव्हा शुक्रवारी माझा नवरा साइटवरून एका माणसाला घेऊन आला. "हे आमचे परब. स्टेडियमच्या गार हवेच्या डक्टवर इन्सुलेशनचे फोरमन आहेत. यांना एसीतलं सगळं कळतं."

परब मालवणच्या अलीकडच्या एका गावातले. पन्नाशीला आलेले, किडकिडीत, आणि नमस्कारसुद्धा निम्माच करणारे. शिडीवर चढले आणि कामाला लागले. खाली आमची सहा वर्षांची मुक्ता टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर एका दीपगृहात राहणारा जाडा, करडा कुत्रा इंग्रजीत काहीतरी सांगत होता. काम झाल्यावर, खोली गार होते का हे बघायला परब खाली बसले, पाच मिनिटं पडद्याकडे बघत राहिले आणि मग आम्हाला कोणालाही न विचारता त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. कुत्र्याने तोंड उघडलं. "गो बाये," कुत्रा मालवणीत म्हणाला, "ह्या दिव्याक रोज तेल घालतत, आणि माका कालपासून कोणी भाकरीचो तुकडो घालूक नाय."

मुक्ता खदखदून हसली. मग तिने पडद्यालाच विचारलं, "मग तू काय खाल्लं?"

मी स्वयंपाकघरातून हातात गाळणं घेऊन बाहेर आले, कारण ते वाक्य मराठी होतं.

याचं महत्त्व कळायला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली. मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक. लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या वेलांट्या सुधारणं हा माझा विरंगुळा. आणि माझ्या पोटच्या पोरीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र ती इंग्रजीत द्यायची. याचं खापर मी शाळेवर फोडलं, शेजाऱ्यांवर फोडलं, नवऱ्याच्या ऑफिसवर फोडलं. फोडायला आणखी कोणी उरलं नाही तेव्हा हवामानावर फोडलं. माझी आई नाशिकला एकटी राहायची. काचबिंदूने तिला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. व्हिडिओ कॉल लागला की ती फोन सवयीने कानाला लावायची, त्यामुळे आम्हाला दर शुक्रवारी तिचा एक कान दिसायचा. त्या कानात मुक्ता 'आयॅम फाइन आजी, बाय' एवढं टाकून पळायची. नात हसते की तोंड वाकडं करते हे आईला दिसत नव्हतं. तिच्यापुरती नात म्हणजे फक्त तिचा आवाज होता. एकदा तिने मला विचारलं, "ती माझ्यावर रागावलीय का गं?" त्यावर मी आईला दहा मिनिटं द्विभाषिक बालकांचं मानसशास्त्र समजावून सांगितलं आणि फोन ठेवून रडले.

तर परबांचे, म्हणजे आता भूभूकाकांचे, शुक्रवार आमच्याकडे ठरून गेले. ते अल हिलालमध्ये पाच जणांबरोबर एका खोलीत राहत. आठवडाभर पहाटे कंपनीच्या बसने अल खोरच्या बाजूला साइटवर, आणि शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलच्या जमिनीवर. सोफ्यावर ते कधी बसले नाहीत. टीव्हीवर कुत्र्यांची चंगळच होती. पावसाला घाबरणारा एक, पोस्टात नोकरी करणारा एक, तीन पिल्लांचा संसारी बाप असलेला एक, आणि आमचा दीपगृहातला जाडा. आवाज बंद केला की सगळे मालवणी. पोस्टातला कुत्रा आलेलं प्रत्येक पत्र 'ह्या रिवाइज करून परत आणा' म्हणून परत पाठवायचा. तेव्हा माझा नवरा हसता हसता आडवा व्हायचा, कारण त्याच्या ऑफिसातल्या मॅनेजरने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. आपल्या सायेबांना हसवलं याचा काकांना इतका संकोच वाटायचा की पुढची पाच मिनिटं कुत्रा मुका असायचा.

कार्टूनच्या कुत्र्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. हा चार पायांवर चालतो आणि तो दोन पायांवर, तरी पट्टा एकाच्याच गळ्यात का, हा प्रश्न त्यांना छळायचा. हवेत धावता धावता खाली बघितल्यावरच कुत्रा पडतो, तोवर पडत नाही, हे त्यांना पूर्ण पटलेलं होतं. बांधकामाच्या स्कॅफोल्डिंगवरही तसंच असतं म्हणायचे. एकदा मी जरा कुत्सितपणेच विचारलं, "परब, या कुत्र्यांमध्ये मुलांना एवढं आवडण्यासारखं असतं तरी काय?" ते म्हणाले, "वैनी, कार्टूनातल्या कुत्र्याक गोचीड नाय, खरूज नाय. आणि तो म्हातारो होणा नाय. म्हणान पोरां तेच्यावर जीव टाकतत." माझ्या दिवाळी अंकात याच विषयावर एका डॉक्टरसाहेबांचा सहा पानी लेख होता. त्यात एवढं काही नव्हतं.

खरे कुत्रे त्यांच्या मते दोन जातींचे. एक श्रीमंत बंगल्यांच्या कंपाउंडातले, ज्यांना संध्याकाळी गरम फुटपाथवर पाय भाजू नयेत म्हणून चार बूट घालून फिरायला नेत. आणि दुसरे साइटवरचे, जे पत्र्याच्या डक्टच्या सावलीत पडून असत. काका डब्यातली एक चपाती त्यांच्यासाठी ठेवायचे. "हयचे कुत्रे गरीब," ते म्हणायचे. "भुंकतत, पण कोणाक समजणा नाय." हे ऐकून माझ्या नवऱ्याने विषय बदलला आणि स्टेडियमचं छत कसं उघडतं हे सांगायला घेतलं.

आमच्याकडून निघण्याआधी ते गॅलरीत जाऊन घरी फोन लावायचे. त्यांच्या फोनचा कानाशी धरायचा भाग बिघडला होता, म्हणून सगळं स्पीकरवर चालायचं. पलीकडे त्यांची मुलगी दर्शना, एकवीस वर्षांची.

"कशी आसस?"

"बरी."

"जेवलंस?"

"जेवलंय."

"मगे ठेवतंय."

दर शुक्रवारी हेच, एका शब्दाचाही फरक नाही. दीड तास कुत्र्याच्या तोंडून धबधबा सोडणारा माणूस पोटच्या पोरीशी अर्ध्या मिनिटात आटोपायचा. मला गंमत वाटायची. "दमला असाल एवढं बोलून," मी म्हणायची, "चहा टाकू?" ते ओशाळून हसायचे आणि चाय नको म्हणायचे. माझ्या विनोदबुद्धीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

गणेशोत्सवात मंडळाला भूभूकाकांचा शोध लागला. मुक्ताच्या मैत्रिणींनी घरोघर बातमी नेली होती. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "मुलांमध्ये मराठीची गोडी वाढतेय, छानच आहे. पण त्यांची भाषा जरा... म्हणजे कसंय, मुलांच्या कानांवर चुकीचं पडायला नको. तू संहिता लिहून दे ना." आणि मी दिली. शुद्ध, निर्दोष, अनुस्वारांसकट. भूभूकाका इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर आले, मागे पडद्यावर तो जाडा करडा कुत्रा, आणि त्याच्या तोंडून निघालं, "मित्रांनो, मला अतिशय भूक लागली आहे. कृपया मला काहीतरी खाऊ द्या." सभागृहातली साठ मुलं घड्याळ बघायला लागली. पावसाला घाबरणारा कुत्रा 'मेघगर्जनेमुळे माझं मन व्याकूळ होतं' म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा चक्क झोपला.

काका थांबले. माझा कागद त्यांनी नीट चार घड्या घालून खिशात ठेवला. फेकला नाही, हे मी मुद्दाम सांगते. मग माइकपासून तोंड बाजूला करून त्यांनी विंगेत उभ्या असलेल्या मला हळूच विचारलं, "वैनी, कुत्रो असो भुंकता?" आणि पुढची वीस मिनिटं मालवणीत जी धमाल झाली तीत मुलांनी उभं राहून उत्तरं दिली, प्रश्न विचारले, भांडणं केली, सगळी मराठीत. कोणाचं नागपुरी, कोणाचं मराठवाड्याचं, कोणाचं कुठलंच नाही असं. आभारप्रदर्शनात अध्यक्षीणबाईंनी संहितेबद्दल माझं विशेष कौतुक केलं. काकांचं नाव राहून गेलं.

परतताना गाडीत मी त्यांना विचारलं की हे आलं कुठून. मी उत्तराची अपेक्षा केली नव्हती. पण त्या दिवशी ते माणसाच्या आवाजात बोलले, म्हणून शब्दन् शब्द लक्षात राहिलाय.

दर्शना जन्मली तेव्हा ते इथे होते. पहिल्यांदा रजा मिळाली तेव्हा ती दोन वर्षांची. या परक्या माणसाला बघून ती जी किंचाळली ती आईच्या पदराआडून बाहेरच येईना. एक महिन्याची रजा, त्यातले पाच दिवस असेच गेले. पोर अंगणातल्या मोती नावाच्या कुत्र्याजवळ बसून राहायची. सहाव्या दिवशी काका जाऊन मोतीच्या पाठीमागे बसले आणि मोतीच्या आवाजात म्हणाले, "गो, ह्यो माणूस वायट नाय हां. माका भाकरी देता." पोरीने मोतीला विचारलं, "खंयसून इलो?" हा कुठून आला ते मोतीने सांगितलं. मग रजा संपेपर्यंत मोती सांगत राहिला.

"माझ्याशी एक शब्द नाय," काका म्हणाले. "मोत्याशी दिवसभर. मगे दर रजेक तसाच. धा वर्सांची झाली तरी शाळेतला सगळा मोत्याक सांगा. मी आपलो मागे बसान. पाच वर्सांमागे मोती गेलो. म्हातारो झालो. तवापासून तिका बोलाक कोण नाय, आणि माका बोलूक तोंड नाय."

माझ्या चहाच्या विनोदांची मला इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नेहमीप्रमाणे रस्ता बंद होता. गाडी वळसा घेत असताना मी विचारलं, "पण मुक्ता तुमच्याशी मराठीत कशी बोलते हो? माझ्याशी नाही बोलत."

त्यांनी खिशातला माझा कागद चाचपला. खोटं सांगावं का याचा विचार करत असावेत. मग म्हणाले, "वैनी, राग मानू नका. कुत्रो चूक काढणा नाय."

मागच्या सीटवर मुक्ता झोपली होती. ती तीन वर्षांची असताना घडाघडा बोलायची हे मला तेव्हा आठवलं. तिच्या प्रत्येक वाक्याला मी थांबवायची, दुरुस्त करायची, पुन्हा म्हणायला लावायची. प्रेमानेच. इंग्रजीत मी तिला कधी टोकलं नव्हतं, कारण माझंच इंग्रजी यथातथा. पोरीने जिथे कोणी टोकत नाही तिथे जाऊन घर केलं, एवढंच. शाळा, शेजारी, हवामान यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग जानेवारीतल्या एका शुक्रवारी, कुत्रा ऐन रंगात असताना, आईचा फोन आला. पडद्यावर नेहमीचा कान. मुक्ताने फोन घेतला, अजून ती दीपगृहातच होती, आणि म्हणाली, "गे आजये, जेवलंस काय?"

माझी आई छत्तीस वर्षं नाशिकच्या शाळेत शिक्षिका होती. माझं शुद्धलेखन तिच्याकडूनच आलेलं. कान स्तब्ध. मग आईने विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी मुक्ता. तू फोन कानाला लावलाय, म्हणून तुझा कानच दिसतो. कानात कापूस कशाला?"

आई हसली. कित्येक महिन्यांनी तिचं ते हसणं मी ऐकलं, शेवटाला खोकला येणारं. त्यानंतर चाळीस मिनिटं दोघी बोलत होत्या. कापसाबद्दल, कुत्र्याबद्दल, नाशिकच्या थंडीबद्दल, शाळेतल्या एका मुलाबद्दल ज्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. पहिल्या दोन मिनिटांत मी सात चुका मोजल्या. आठवीला तोंड उघडलं. भूभूकाका जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होते. मी तोंड मिटलं, आणि ते मिटलेलं ठेवणं हे मी मराठी भाषेसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम आहे. थोड्या वेळाने काका म्हणाले, "वैनी, आज चाय घेतंय." मी आत गेले आणि मनसोक्त रडत आलं किसलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत स्टेडियम झालं. जगाला आमंत्रणं गेली, आणि ज्यांनी ते बांधलं त्यांना घरी जायच्या याद्या लागल्या. माझ्या नवऱ्याने काकांना सामन्याचं तिकीट काढून द्यायचं वचन दिलं होतं. शहर पाहुण्यांसाठी इतकं मोकळं आणि स्वच्छ करायचं ठरलं की तिकिटाआधी काकांचा एक्झिटच, म्हणजे कायमचं घरी जायचा हुकूम, आला. "पुढच्या वेळी नक्की," माझा नवरा म्हणाला, जणू विश्वचषक दर दिवाळीला अल खोरमध्येच भरणार होता.

आम्ही त्यांना भेटायला अल हिलालला गेलो. सहा पलंगांच्या खोलीत एका बॅगेवर दोरी आवळत होते. मी लाडू दिले. मुक्ताने जाड्या कुत्र्याचं चित्र दिलं, ते त्यांनी पासपोर्टबरोबर ठेवलं. एवढा आनंदाचा दिवस, आणि हा माणूस ताप आल्यासारखा दिसत होता. मी कारण विचारलं.

"बावीस वर्सां मी महिन्याभराचो पावणो," ते म्हणाले. "आता कायमचो जातंय. दर्शना आवशीशी बोलता. माका बघल्यान की आत जाता. आता जेवूक बसलो की काय बोलू वैनी? मोती नाय थंय."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला टोमणा तयार असतो. त्या दिवशी मी बॅगेच्या दोरीचं दुसरं टोक धरून आवळलं. मुक्ता मात्र व्यवहारी. ती म्हणाली, "मगे तू माका फोन कर."

नोव्हेंबरात सगळं सुरू झालं. शाळा बंद, रस्ते एकदम उघडे, कुठे काही खणलेलं नाही, त्यामुळे आम्हीच चुकायला लागलो. अल खोरकडच्या एका सामन्याला आम्ही गेलो. खुर्च्यांखालून असा गार वारा यायचा की मला शाल घ्यावी लागली. बाजूचा पाहुणा म्हणाला की हा तंत्रज्ञानाचा चमत्कार आहे. मी त्याला मान डोलावली. त्याला परबांबद्दल सांगण्याएवढं इंग्रजी मला येत नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. भूभूकाका. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "कशे आसास?" म्हणाले. बरे आहोत, म्हटलं. "जेवलास?" जेवलो, म्हटलं. पुढे काय येणार हे मला पाठ होतं. पण ते म्हणाले, "मुक्ताक दिया, वैनी." मी स्पीकर लावून फोन दिला. त्यांनी खालच्या आवाजात तिला म्हटलं, "बाये, जरा माझ्या चेडवाशी, दर्शनाशी बोल." आणि फोन कोणाच्या तरी हातात गेला.

"हॅलो," एका तरुण बाईचा कोरडा आवाज आला. "कोण?"

"मी कुत्रो बोलतंय," मुक्ता गंभीरपणे म्हणाली.

मी घाईने हात पुढे केला. एवढ्या मोठ्या मुलीला हा काय पोरखेळ वाटेल, आपण माफी मागावी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मुक्ताने फोन दिला नाही. मग पलीकडून तोच आवाज आला, पण आता तो कोरडा नव्हता.

"इतकी वर्सां खंय होतंस?"

"दोहाक," मुक्ता म्हणाली. "काम होता."

त्यानंतर बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.